दूध आटलं नव्हतं, दरवाजा बंद होता

रात्री साडेअकराला भाचीचा फोन आला. बाळंत होऊन दहा दिवस झालेले. आधी नुसती रडली, मग म्हणाली, "मावशी, मला दूधच येत नाही गं. पंप लावला तर जेमतेम पंधरा मिली निघालं. सासूबाई म्हणतात डबा सुरू करा, डॉक्टर म्हणतात डबा सुरू करा. माझ्यातच काहीतरी कमी आहे का गं?"

हा शेवटचा प्रश्न मी स्वतःला पंधरा वर्षांपूर्वी विचारला होता. तेव्हा उत्तर कुणी दिलं नाही. मी 'हो' असं समजून गप्प बसले आणि तो सल बरीच वर्षं बाळगला. म्हणून आज जरा मोठं लिहितेय. रोजच्यासारखं रस्ता, पाणी, नगरपालिका नाही. पण विषय सार्वजनिकच आहे, शेवटपर्यंत वाचलंत तर पटेल.

सुरुवात हिरकणीपासून करते. गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. दूध घालायला रायगडावर गेलेली गवळण. संध्याकाळी गडाचे दरवाजे बंद झाले. घरी तान्हं बाळ. पहारेकरी सोडेनात, तेव्हा ती रात्री कडा उतरून खाली गेली. महाराजांनी तिचं कौतुक केलं, तिथे बुरूज बांधला. ही आख्यायिका आहे, पण तिच्या नावाचा बुरूज आजही गडावर दाखवतात.

आपण या गोष्टीत आईचं धाडस बघतो. मी अलीकडे त्यातला दरवाजा बघायला लागलेय. बाळ एकीकडे, आई दुसरीकडे आणि मध्ये ठरलेल्या वेळेला बंद होणारा दरवाजा. गेल्या शंभर-दीडशे वर्षांत 'बाईला दूध पुरत नाही' ही तक्रार कशी वाढत गेली याचा इतिहास वाचलात, तर जागोजाग हाच दरवाजा भेटतो. कधी गिरणीचा, कधी दवाखान्याचा, कधी ऑफिसचा. आणि दर वेळी दोष मात्र बाईच्या छातीला.

आधी शरीराचं गणित समजून घेऊ. ज्यांच्या घरी गोठा आहे त्यांना हे माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

मराठीत दोन वेगळे शब्द आहेत, दूध आणि पान्हा. दूध तयार होणं वेगळं आणि पान्हा सुटणं वेगळं. कासेत दूध असतं, पण गाय पान्हा चोरते. म्हणून आधी वासरू सोडतात, ते ढुशा देतं, मग पान्हा फुटतो, मग आपण धार काढतो. दुसरी गोष्टही गोठ्यातलीच: धार रोज अर्धवट सोडली की जनावर आटायला लागतं. पूर्ण काढली, वेळेवर काढली की टिकतं, वाढतं.

बाईचं शरीर याच दोन नियमांवर चालतं. बाळ चोखायला लागलं की मेंदूकडून दोन संप्रेरकं सुटतात. प्रोलॅक्टिन दूध तयार करायला लावतं, ऑक्सिटोसिन पान्हा सोडतं. प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, म्हणून रात्रीचं पाजणं महत्त्वाचं. छातीत दूध साठून राहिलं तर शरीर समजतं, खप नाही, उत्पादन कमी करा. स्कॉटलंडमधल्या हॅना संशोधन संस्थेत १९८० च्या दशकात शेळ्यांवर प्रयोग झाले. एकाच शेळीच्या कासेची एक बाजू जास्त वेळा पिळली, तर त्याच बाजूचं दूध वाढलं, दुसरीचं नाही. म्हणजे हुकूम फक्त मेंदूतून येत नाही, प्रत्येक बाजू आपला हिशेब स्वतः ठेवते. जेवढं बाहेर जाईल तेवढं आत तयार होईल.

पान्ह्याचं तर आपल्याकडे फार जुन्या काळी लिहून ठेवलंय. राग, शोक आणि बाळाबद्दलची माया आटणं यांनी दूध जातं, असं सुश्रुतसंहिता सांगते. अमेरिकेत नाइल्स न्यूटन आणि मायकेल न्यूटन या जोडप्याने १९४८ मध्ये हेच मोजून दाखवलं. आई स्वतः नाइल्सच. पाजताना मुद्दाम तिच्या पायाची बोटं ओढायची, पाय बर्फाच्या पाण्यात बुडवायचे, भराभर गणितं विचारायची. शांतपणे पाजलं तर बाळाला सरासरी १६८ ग्रॅम दूध मिळायचं, असा छळ केला की ९९ ग्रॅम. मग छळ चालू ठेवून ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं, तर दूध जवळपास पहिल्याइतकं आलं. म्हणजे दूध आत होतंच. अडला होता तो पान्हा.

आता सांगा, बाळंतिणीच्या खोलीत दिवसातून दहा बायका येऊन "येतंय का गं दूध? पोर रडतंय बघ" असं विचारतात, ते बर्फाच्या पाण्यापेक्षा कमी आहे का?

आता पहिला दरवाजा, गिरणीचा. मुंबईच्या कापड गिरण्यांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हजारो बायका कामाला होत्या. बहुतेक कोकण, घाटावरून आलेल्या. तान्ह्या बाळाला चाळीत एखाद्या म्हातारीजवळ ठेवायचं आणि भोंग्याला हजर व्हायचं. बाळ दिवसभर झोपून राहावं म्हणून त्याला अफू चाटवायची पद्धत होती. १९२० च्या दशकातल्या सरकारी पाहण्यांत याची नोंद आहे. पुढे १९३१ मध्ये आलेल्या मजूरविषयक शाही आयोगाच्या, म्हणजे व्हिटली कमिशनच्या अहवालातही ती आहे. अफूने बाळ गुंगीत राहायचं, भूक लागली तरी चोखायचं नाही. इकडे आईची छाती साच्यावर उभ्या उभ्या दगडासारखी व्हायची. दहा तासांनी घरी आल्यावर पेंगुळलेलं बाळ काय पिणार? त्या बायकांचं दूध आटलं असेल तर नवल कसलं! आईला रोजी बुडवणं परवडत नव्हतं आणि अफू स्वस्त होती, एवढीच ती गोष्ट.

या दरवाजाला पहिली फट पाडली ती मुंबईच्या कायदेमंडळात. १९२८ मध्ये प्रसूती रजेच्या विधेयकावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्याच हिताचं आहे, त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, पण बाईच्या कामातून ज्याचा फायदा होतो त्या मालकालाही अंग काढून घेता येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा झाला. देशातला असा हा पहिला. रजा मोजक्या आठवड्यांची आणि ती कारखान्यातल्या बायकांपुरतीच. पण आईचा वेळ ही खासगी बाब नाही, हे कागदावर आलं.

दुसरा दरवाजा दिसायला फार सभ्य. घड्याळाचा आणि डब्याचा.

जर्मनीत युस्टुस फॉन लीबिग या रसायनशास्त्रज्ञाने १८६० च्या दशकात बाळांसाठी तयार अन्न बनवलं. स्वित्झर्लंडमध्ये हेन्री नेस्ले यांनी १८६७ मध्ये दूध, गहू आणि साखरेचं पीठ बाजारात आणलं. सुरुवातीचा हेतू वाईट नव्हता. आई गेलेली, दाई परवडत नाही, अशी बाळं मरत होती, त्यांच्यासाठी काहीतरी हवंच होतं. पुढे न्यूझीलंडचे डॉ. ट्रूबी किंग यांची शिस्त जगभर पोचली. ते स्वतः आईच्या दुधाचे समर्थक, पण दर चार तासांनी पाजा, रात्री पाजू नका, उगीच उचलून घेऊ नका, असा त्यांचा दंडक. गोठ्यातला नियम आठवा. रात्रीची धार बंद केली, दिवसाच्या धारा निम्म्या केल्या, तर काय होणार? दूध कमी होणार. झालं की डबा तयारच.

मग बाळंतपणं दवाखान्यात गेली. जीव वाचले, हे आधी कबूल करायला हवं. पण जगभरच्या दवाखान्यांत एक रीत पडली: बाळं वेगळ्या खोलीत, आया वेगळ्या खोलीत, ठरल्या वेळी बाळ आणून द्यायचं. पहिले दोन दिवस बाटली. ज्या दोन दिवसांत छातीला 'गिऱ्हाईक आलंय' असं कळायला हवं, त्याच दिवसांत गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात. घरी जाताना वर फुकट डब्याची भेट. फुकट डबा संपेपर्यंत आईचं दूध कमी झालेलं असायचं. पुढचा डबा विकत.

यावर पहिल्यांदा उघड बोलल्या त्या डॉ. सिसिली विल्यम्स. १९३९ मध्ये सिंगापूरच्या रोटरी क्लबात त्यांनी भाषण केलं. त्याचं नावच मराठीत सांगायचं तर 'दूध आणि खून'. मलायातल्या गरीब आयांना गोड घट्ट दुधाचे डबे विकून बाळं मारली जात आहेत, असं त्या भर सभेत म्हणाल्या. ऐकायला कोण, तर शहरातले प्रतिष्ठित. फारसं काही हललं नाही. १९७४ मध्ये ब्रिटनच्या 'वॉर ऑन वॉन्ट' या संस्थेची पुस्तिका निघाली, तेव्हा कुठे जगाला कळलं की आफ्रिकेत कंपन्यांच्या बायका नर्सचा गणवेश घालून वॉर्डात फिरत होत्या. १९७७ मध्ये अमेरिकेत नेस्लेवर बहिष्कार सुरू झाला. मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या जाहिरातीवर संहिता मंजूर केली. बाजूने ११८ देश, विरोधात एकटी अमेरिका.

आपल्या देशाची गोष्ट जरा वेगळी. पूर्वी पावडर बाहेरून यायची. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न संशोधन संस्थेने म्हशीच्या दुधापासून बाळाचं अन्न बनवण्याची पद्धत शोधली आणि १९६० च्या सुमारास आणंदला त्याचं उत्पादन सुरू झालं. परदेशी तज्ज्ञ जे जमणार नाही म्हणत होते ते करून दाखवलं, याचा अभिमान रास्तच. पण डबा देशी झाला म्हणून छातीचं गणित बदलत नाही.

३ डिसेंबर १९९१ ला आपल्या वर्ध्यात काही बालरोगतज्ज्ञ आणि कार्यकर्ते जमले आणि स्तनपानासाठी काम करणारं देशपातळीवरचं जाळं उभं राहिलं. १९९२ मध्ये संसदेने कायदा केला, १ ऑगस्ट १९९३ पासून तो लागू झाला, २००३ मध्ये आणखी कडक झाला. या कायद्याने बाळाच्या डब्याची जाहिरात बंद. फुकट नमुने बंद. डब्यावर गुबगुबीत बाळाचा किंवा आईचा फोटो बंद. डॉक्टरांना भेटवस्तू बंद. तुमच्या घरी डबा असेल तर बघा, त्यावर बाळ नाही. ते बाळ काढायला जगाला चाळीस-पन्नास वर्षं लागली.

आता आपल्याच मुंबईतली, माझी सगळ्यात आवडती गोष्ट. शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय, म्हणजे सायन हॉस्पिटल. धारावीला लागून. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या नवजात विभागाची जबाबदारी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्याकडे आली. वेळेआधी जन्मलेली, किलो-दीड किलोची बाळं. बाटलीतून पावडरचं दूध. जंतुसंसर्गाने बाळं जात होती. नर्स कमी, पैसा कमी. बाईंनी काय करावं? बाटल्या बंद केल्या आणि आयांना आत घेतलं. तोपर्यंत नवजात विभागाचं दार आईला बंद असायचं, कारण आई म्हणजे जंतू घेऊन येणारी. बाईंनी उलट केलं. आईच पाजेल, पाजता येत नसेल तर हाताने काढून वाटीने देईल, तीच बाळाला पुसेल, तीच राखण करेल. बाळं वाचायला लागली.

तरी काही बाळांची आई अतिदक्षता विभागात, काहींची गेलेली. त्यांच्यासाठी इंग्लंडमध्ये पाहिलेल्या दूधपेढीच्या धर्तीवर १९८९ मध्ये सायनला मातृदुग्ध पेढी सुरू झाली. आशियातली पहिली. ज्या आयांना जास्त दूध आहे त्या देतात, ते ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून जंतुविरहित करतात, तपासतात, मग गरजू बाळाला देतात. मला यातली खरी गंमत वाटते ती अशी: धारावीतल्या अर्धपोटी, रोडावलेल्या बायकांकडून दुधाची पेढी चालू शकते. ज्यांच्याकडे बघून कुणीही म्हटलं असतं, 'हिला काय दूध येणार!'

आता माझा दरवाजा.

माझी मुलगी झाली तेव्हा पगारी रजा बारा आठवड्यांचीच होती. तेव्हा मी एका दैनिकाच्या जिल्हा कचेरीत होते. नाव सांगत नाही, तिथली माणसं वाईट नव्हती. रजा संपली आणि मी सकाळी दहा ते संध्याकाळी सात कामावर. औषधाच्या दुकानातून रबरी फुग्याचा हातपंप आणला होता, सायकलच्या भोंग्यासारखा दिसणारा. जुन्या अंकांचे गठ्ठे ठेवायच्या खोलीत जाऊन वापरायचे. दाराला आतून कडी नव्हती. पाठ दाराला टेकवून उभी राहायचे. बाहेर कुणाच्या चपला वाजल्या की पान्हा गपकन बंद. आठवडाभरात दिवसातून तीन वेळाचं एकदा झालं, मग तेही बंद. महिन्याभरात दूध निम्म्यावर आलं. डॉक्टर म्हणाले, "तुमची प्रकृतीच तशी आहे." मी मान डोलावली. प्रकृती! त्या खोलीच्या दाराला कडी नव्हती, हे कुठल्याच केसपेपरवर आलं नाही.

पंपाचाही इतिहास आहे बरं का. ऑर्वेल नीडहॅम या अमेरिकन माणसाने १८५४ मध्ये असं यंत्र पेटंट केलं. सुरुवातीची बरीच यंत्रं जनावरांची धार काढायच्या यंत्राच्या वळणाची, त्रासदायक. १९५० च्या दशकात स्वीडनचे अभियंते आयनार एग्नेल यांनी किती ओढ दिली तर बाईला इजा होत नाही, हे मोजून नवा पंप केला. हाताने दूध काढण्यात तरबेज असलेल्या माया किंडबर्ग नावाच्या नर्सची त्यांना मदत झाली आणि पंप 'सिस्टर माया' म्हणूनच ओळखला गेला. इंजिनिअरला ही कला नर्सकडून शिकावी लागली, हे लक्षात ठेवण्यासारखं. आज आपल्या तालुक्यातही विजेवरचे पंप मिळतात. पण पंप म्हणजे वासरू नव्हे. बाळ जेवढं ओढतं तेवढं पंप बऱ्याचदा ओढत नाही. त्यामुळे पंपात पंधरा मिली आलं म्हणजे छातीत पंधराच आहे, असं समजू नका.

हेच मी त्या रात्री भाचीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिच्याकडे गेले. सिझेरियन होतं, बाळ पहिले दोन दिवस वेगळ्या खोलीत, वाटी-चमच्याने पावडर. घरी आल्यावर दिवसातून चार वेळा वरचं दूध. म्हणजे चार वेळा गिऱ्हाईक परत पाठवलेलं. आम्ही बालरोगतज्ज्ञ बदलले, बाळाचं वजन करून घेतलं आणि त्यांच्या सल्ल्याने पुढचं ठरवलं. उपयोगाचं म्हणून लिहिते:

एक, बाळ छातीला नीट लागलंय का ते आधी बघा. नुसतं टोक नाही, भोवतीचा काळा भागही बऱ्यापैकी तोंडात हवा, हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर. आईला कळ येत असेल तर पकड चुकतेय. आमच्या आशाताईंनी पाच मिनिटांत बसायची पद्धत सुधारली.

दोन, चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणं, रात्रीचंसुद्धा. घड्याळ बघून नाही. बाळ हात चोखतंय, मान वळवतंय तेव्हाच घ्या. रडणं ही शेवटची खूण.

तीन, कपडे बाजूला करून बाळ उघड्या छातीवर घेऊन पडून राहायचं. पान्ह्याला यासारखं औषध नाही.

चार, पाजून झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं हाताने किंवा पंपाने आणखी काढायचं, आधी गरम कपड्याने शेकून, हलका मसाज करून. पहिले दोन-तीन दिवस काही थेंबच येतात. ते दुधासाठी नसतं, शरीराला निरोप द्यायला असतं. पंपाची वाटी आपल्या मापाची घ्या, चुकीच्या मापाने दुखतं आणि येतही कमी.

पाच, वरचं दूध एकदम तोडायचं नाही. बाळ उपाशी ठेवणं हा उपाय नव्हे. वजन बघत बघत, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायचं.

सहा, मोजायचं ते पंपात नाही, लंगोटात. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू आणि साधारण दोन आठवड्यांपर्यंत जन्माचं वजन परत आलं, तर बाळाला पुरतंय. संध्याकाळी किरकिर करणं म्हणजे उपाशी असणं नव्हे.

आणि लाडू? डिंकाचे, हळिवाचे, मेथीचे, शेपूची भाजी, शतावरी. चरकसंहितेतही दूध वाढवणाऱ्या दहा वनस्पतींचा स्वतंत्र गट सांगितलाय, म्हणजे ही काळजी जुनीच. यातल्या बऱ्याच गोष्टींनी दूध नक्की वाढतं असा भक्कम पुरावा आज नाही. पण बाळंतिणीला कुणीतरी बसवून गरम खाऊ घालतंय, तिचे पाय चेपतंय, तिला झोपू देतंय, याचं मोल आहेच. लाडू द्या, फक्त लाडवासोबत टोमणा देऊ नका. दूध वाढवायच्या गोळ्या मात्र कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका, डॉक्टरांशिवाय नाहीच.

एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. काही बायकांना खरंच दूध कमी असतं. बाळंतपणात फार रक्तस्राव झाला, वारेचा तुकडा आत राहिला, थायरॉइड आहे, छातीचं ऑपरेशन झालंय, दूधग्रंथीच पुरेशा वाढलेल्या नाहीत, अशी कारणं असतात. काही गर्भनिरोधक गोळ्यांनीही कमी होतं. बाळाचं वजन वाढत नसेल, ते सुस्त असेल, शू कमी असेल तर वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. अशा वेळी डबा द्यावा लागला तर तो द्यायचा, उकळलेल्या पाण्यात, मापाने, ताठ मानेने. माझं भांडण डब्याशी नाही. माझं भांडण त्या दरवाजाशी आहे, ज्यामुळे धडधाकट बाईला डबा घ्यावा लागतो आणि वर ऐकूनही घ्यावं लागतं.

भाचीचं बाळ पाचव्या आठवड्यात वरच्या दुधाशिवाय राहायला लागलं. सासूबाईंनीच शेजारणीला सांगितलं, "आमच्या सुनेला भरपूर आहे." मी काही बोलले नाही. पुढचा प्रश्न मात्र उरलाच. तिची नोकरी कंत्राटी आहे आणि तीन महिन्यांनी हजर व्हा असा निरोप आलाय.

कायदा काय म्हणतो? १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळात पाजण्यासाठी दोन सुट्ट्या दिल्या. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी रजा सव्वीस आठवड्यांची केली, पन्नास किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा दिली. रोजंदारीवरच्या बायकांनाही प्रसूती लाभ द्यावा लागेल, असं दिल्ली महापालिकेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २००० साली सांगितलंय. हे सगळं कागदावर. आणि आपल्याकडची ऊसतोडीला जाणारी बाई? ती नवऱ्यासोबत एक 'कोयता' म्हणून मोजली जाते. कोयत्याला बाळंतपण नसतं. ती बाळ फडातच झोळीत ठेवते. कायद्याने नाही, नाइलाजाने तिचं बाळ तिच्याजवळ आहे.

अजून एक आकडा सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. पण जन्मानंतर पहिल्या तासात आईचं दूध मिळालेली बाळं ४१.८ टक्के. म्हणजे डॉक्टर, नर्स सगळे हजर असताना निम्म्याहून जास्त बाळांना पहिला तास चुकतो. हे काय बाईच्या प्रकृतीमुळे?

मागच्या आठवड्यात आपल्या भागातल्या एका सार्वजनिक इमारतीतला हिरकणी कक्ष बघायला गेले. बाहेर छान पाटी, मांडीवर बाळ घेतलेल्या आईचं चित्र. दाराला कुलूप. किल्ली कुणाकडे हे कळायला वीस मिनिटं गेली. उघडलं तर आत जुन्या खुर्च्या, मोडका पंखा आणि निवडणुकीच्या वेळचे फलक. बाहेर बाकावर एक मुलगी भिंतीकडे तोंड करून, पदर ओढून बाळाला पाजत होती.

हिरकणीचं नाव दिलं, आणि दरवाजा पुन्हा बंदच केला.

तुमच्या गावातल्या हिरकणी कक्षाला जाऊन या. उघडा आहे का, खुर्ची आहे का, आतून कडी आहे का, एवढंच बघा आणि कमेंटमध्ये गाव लिहून कळवा. यादी झाली की मी ती घेऊन संबंधितांकडे जाणार आहे. आणि घरात बाळंतीण असेल तर आज तिला 'दूध येतंय का' विचारू नका. 'जेवलीस का, झोपलीस का, बाळ थोडा वेळ मी सांभाळू का' एवढं विचारा.